मोटारीचा विमा ‘थांबवताना’ या चुका टाळा

फोंड्याला विम्याची कागदपत्रे हाताळताना मला दरवर्षी हाच प्रश्न विचारला जातो, की पैशांची ओढाताण आहे, तर गाडीचा विमा काही महिने थांबवता येईल का? विचारणाऱ्याने बहुधा निर्णय घेतलेलाच असतो आणि त्याला केवळ माझा होकार हवा असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुदत संपू देणे आणि त्यालाच ‘थांबवणे’ म्हणणे. मार्च 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा कुडचड्याच्या माझ्या एका स्नेह्यांनी ट्रकांच्या कर्जाचे हप्ते भागवण्यासाठी मोटारीचा विमा जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडून दिला. गाडी अंगणातच उभी राहणार आणि माडही घरचाच, तेव्हा काय होणार, असा त्यांचा हिशेब होता. जुलैच्या एका वादळी रात्री तोच माड बॉनेटवर आडवा झाला, पुढची काच फुटली आणि दुरुस्तीचा खर्च संपूर्ण त्यांच्या अंगावर आला. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर ते नूतनीकरणासाठी आले, तोवर मुदत संपून नव्वद दिवस उलटून गेले होते. त्यामुळे पाच वर्षे एकही दावा न करता कमावलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, शून्यावर आला. शिवाय पाहणीस आलेल्या माणसाने चेपलेल्या बॉनेटची छायाचित्रे काढली आणि दुरुस्ती होईपर्यंत ओन डॅमेज विमा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, मिळणार नाही, असे सांगितले. विमा संपताच मी पंचाहत्तराव्या दिवसावर दिनदर्शिकेत तांबडी खूण करतो, ती या प्रसंगापासून.

दुसरी चूक थर्ड पार्टी विमाही, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या हानीचा विमाही, सोडण्याची. मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी त्याविना गाडी वापरता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला दंड 4,000. रस्त्याकडेला उभी गाडीही ‘वापरात’ असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्पष्ट केले आहे. ‘मी चालवतच नाही’ हे उत्तर म्हणूनच लंगडे पडते. दंडाचे एक वेळ निभावते, पण कुणी दगावल्यास भरपाई घरदार विकून द्यावी लागते. 2022 च्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला हा हप्ता कराखेरीज 3,416 रुपये आहे. तेवढे भरावेत आणि तंगीच्या काळात सोडायचेच असेल, तर ओन डॅमेज सोडावे. मात्र त्यासोबत चोरी, आग आणि माड यांचेही संरक्षण जाते, हे जाणूनच.

चालू विमा मध्येच रद्द करून पैसे परत मागू नयेत; पर्यायी विम्याचा पुरावा नसेल, तर कंपनी सहसा ऐकत नाही.

गाडी खरोखरच गॅरेजमध्ये बंद राहणार असेल, तर त्या काळासाठी हप्त्यात सवलत कंपनीकडे आगाऊ आणि लेखी मागावी. जुन्या मोटार दरपत्रकात सलग दोन महिन्यांहून कमी नसलेल्या काळासाठी ती होती, आणि अपघातानंतरच्या दुरुस्तीचे दिवस त्यात धरले जात नसत. फोनवर ‘होईल, होईल’ म्हणणाऱ्यावर मी विसंबत नाही. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय मी कार्यालयाची पायरी उतरत नाही.

गाडीवर कर्ज असेल, तर यातले काहीही करण्यापूर्वी कर्जाचा करार वाचावा, कारण बँकेला बहुधा संपूर्ण विमाच (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज दोन्ही) हवा असतो.