वहीला कौल लावू नका: ‘मला नक्की काय हवंय’ हे लिहून शोधताना होणाऱ्या चुका

आमच्याकडे काही अडलं की देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरव गाऱ्हाणं घालणार आणि सगळे श्वास रोखून बघणार, आधी उजवी पडते की डावी. उजवी पडली तर काम करा, डावी पडली तर थांबा. निकाल हातात घेऊनच माणूस पायऱ्या उतरतो.

डायरी लिहायला लागले तेव्हा मी तिच्याकडूनही हेच मागत होते. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात रात्री सगळं आवरलं की वही उघडायची, वर ‘मला आयुष्यात नक्की काय हवंय?’ असं लिहायचं आणि पाकळी पडायची वाट बघायची. ती पडत नाही. तीन वह्या अर्ध्यावर सोडल्यावर मला आजोबांची आंब्याची वही आठवली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, तुडतुडा कधी दिसला, फवारणी कधी केली, पेट्या किती गेल्या, दलालाने भाव काय दिला, एवढंच त्यात असायचं. मनातलं एक अक्षर नाही. पण आठ-दहा वर्षांची पानं मागेपुढे करून कुठलं कलम राखायचं आणि कुठलं तोडायचं ते आजोबा ठरवत. ‘काय हवंय’ हे शोधणारी वही या जातीची असावी लागते. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिल्याच पानावर मोठा प्रश्न

मोठ्या प्रश्नाला माणूस पाठ केलेलं उत्तर देतो. शांतता, समाधान, स्वतःचं काहीतरी, मुलांचं भलं. हे कुणाच्याही वहीत शोभेल, म्हणूनच ते तुमचं नाही.

महिनाभर तो प्रश्न लिहायचाच नाही. त्याऐवजी कालच्या दिवसाबद्दल तीन गोष्टी लिहा: कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही, काय पुढे ढकललं, आणि कुणाचा हेवा वाटला. तिसरी लिहिताना लाज वाटते, पण माझ्या मते तीच सगळ्यात खरी. मावसबहिणीच्या पुण्यातल्या फ्लॅटचा मला कधी हेवा वाटला नाही. तिला रविवारी दुपारी कुणी हाक मारत नाही, याचा वाटला. दहा ओळी पुरतात.

कुणीतरी वाचेल या धाकाने लिहिणं

कोकणातल्या घराचं पुढचं दार दिवसभर उघडं. सासूबाई, जाऊबाई, शेजारचा पोरगा, कुणीही कधीही आत येतं. अशा घरात माणूस वहीतसुद्धा नीटनेटकं वागतं. माझ्या पहिल्या वहीत गणपतीतली एक नोंद आहे: ‘सगळे एकत्र आले की मन भरून येतं.’ त्या दिवशी मुंबईहून आलेल्या चौदा चाकरमान्यांची भांडी घासून मी मागच्या पडवीत रडले होते. त्याबद्दल एक शब्द नाही.

टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये माणसाच्या मनातल्या तीन प्रतिमा वेगळ्या करून दाखवल्या. एक आपण आहोत तशी, दुसरी आपल्याला व्हावंसं वाटतं तशी, आणि तिसरी आपण असायला हवं तशी. वाचक डोळ्यांसमोर असला की तिसरीच लेखणी धरते. ओळखायची खूण सोपी आहे. पानावर ‘केलं पाहिजे’ आणि ‘करायला हवं’ मोजा. ‘व्यायाम केला पाहिजे’, ‘वेळ द्यायला हवा’ यांची गर्दी झाली असेल तर ती दुसऱ्या कुणाची तरी यादी आहे.

उपाय अगदी घरगुती. माझी वही शिवणयंत्राच्या खणात असते. तिथे हात घालायचं घरात कुणाच्या मनात येत नाही. तेवढीही जागा नसेल तर कागदावर लिहा, सकाळी आंघोळीचं पाणी तापवताना चुलीत घाला आणि त्यातला एकच शब्द कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालतं, फक्त तो मोबाइल मुलं गेम खेळायला घेत नसावीत.

आणखी एक पडदा असतो, भाषेचा. आम्ही बोलतो मालवणी आणि लिहितो शाळेतली मराठी. ‘मला तिथे परतण्याविषयी साशंकता वाटते’ असं लिहिलं की विचार केल्यासारखं वाटतं. ‘माका परत थंय जावचा नाय’ असं लिहिलं की विषय संपतो. अडलात तर ज्या भाषेत भांडता त्या भाषेत लिहा.

रोजचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं वर्षातून दोनदा घातलं तर देव ऐकतो. रोज रात्री तेच घातलं तर आपणच आपल्याला ऐकवत बसतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायचं. काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिणाऱ्यांचं मन लिहून झाल्या झाल्या हलकं नव्हे, जडच झालं होतं. फायदा पुढच्या सहा महिन्यांत दिसला, डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. दोन गोष्टी लक्षात घ्या. लिहिल्यावर लगेच वाईट वाटलं म्हणजे काही चुकलं असं नाही. आणि ते चारच दिवस होते, चार वर्षं नव्हेत.

पेनेबेकर यांच्या पुढच्या कामातून असंही दिसलं, की लिहिता लिहिता ज्यांच्या मजकुरात ‘कारण’, ‘लक्षात आलं’, ‘कळलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. तेव्हा मागची पाच पानं वाचून बघा. पाचही पानांत तोच माणूस, तोच राग आणि तेच शेवटचं वाक्य असेल तर त्या विषयाला आठवडाभर सुट्टी द्या. किंवा तोच प्रसंग ‘मी’ऐवजी ‘ती’ म्हणून लिहा, वाडीतल्या दुसऱ्या कुणाची गजाल सांगावी तसा. मला हसू येतं ते इथेच.

पण दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यावरूनच मन उडालंय असं असेल तर वही मिटा आणि डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

‘का’चा भुंगा

‘मला हे का आवडतं?’ हा प्रश्न शहाणा वाटतो. टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात काही जणांना भिंतीवरचं पोस्टर निवडण्याआधी आवडीची कारणं लिहायला लावली, काहींना नाही. कारणं लिहिणारे वेगळीच पोस्टरं घरी घेऊन गेले, आणि काही आठवड्यांनी विचारल्यावर आपल्या निवडीवर कमी खूश निघाले. जे कारण शब्दांत सहज पकडता येतं ते खरं असतंच असं नाही.

म्हणून ‘का’ बाजूला ठेवा. काय, कधी, कुठे, कुणासोबत, एवढं लिहा. आजोबांनी ‘या कलमाने असं का केलं’ हे कधीच लिहिलं नाही.

एका हंगामावर निकाल

हापूस एका वर्षी भरभरून धरतो आणि दुसऱ्या वर्षी पाठ फिरवतो. पाठ फिरवलेल्या वर्षी कुऱ्हाड चालवणारा चांगलं कलम घालवून बसतो. वहीचंही तसंच.

नात्यातला एक जण ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर शाकारलेली, हातात पैसा नाही. या दोन महिन्यांत तो दरवर्षी लिहितो की बोट विकून रिक्षा घ्यायची. नारळी पौर्णिमा झाली, पहिल्या फेरीत जाळं जड लागलं की रिक्षा गायब. मी त्याला जुलैतली तीन वर्षांची पानं शेजारी शेजारी ठेवायला लावली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘ह्या रिक्षाचा नाय गो, ह्या उधारीचा हा.’ बंदीच्या काळासाठी पैसे बाजूला टाकणं हा त्याचा खरा विषय होता.

माझं उलटं. मे महिन्यात घर भरलं की मला मुंबईला पळायचं असतं, श्रावणात कुणी सोनं दिलं तरी हलायचं नसतं. आता प्रत्येक नोंदीवर तारखेबरोबर हवा, झोप आणि घरात माणसं किती होती ते लिहिते. कमीत कमी एक पावसाळा आणि एक मे महिना वहीत आल्याशिवाय मोठा निर्णय नाही.

पावसातली वही

हे कुणी सांगत नाही. जुलैत जेल पेनची शाई पसरते, पानं चिकटतात आणि पुठ्ठ्यावर बुरशी येते. बॉलपेन वापरा, पेन्सिल त्याहून बरी. वही झाकण घट्ट लागणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा. लाकडी कपाटाच्या तळाशी नको, वाळवीला तुमच्या मनातलं वाचायची फार हौस असते. वीज गेली की लिहायचं राहतं, म्हणून मी रात्रीऐवजी पहाटेच्या चहाबरोबर लिहायला लागले. कंटाळाही कमी आला.

लिहिलं, पण वाचलं नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि जवळजवळ प्रत्येक जण ती करतो. न वाचलेली डायरी म्हणजे आंब्याच्या पेट्या न मोजता वाशीच्या बाजारात पाठवणं.

दर तीन महिन्यांनी एक दुपार काढा. वेगळ्या रंगाचं पेन घ्या आणि दोन याद्या करा. एकीत ‘मला हवं’ असं म्हणून जे जे लिहिलं ते, किती वेळा ते मोजून. दुसरीत तुम्ही खरोखर काय केलं आणि त्यानंतरची ओळ कशी होती ते.

माझ्या दीड वर्षाच्या नोंदींत ‘होमस्टे सुरू करायचा’ हे सत्तावीस वेळा होतं. आमच्या पट्ट्यात प्रत्येकाला होमस्टे सुरू करायचा असतो. पण त्याच पानांवर पाहुणे येऊन गेल्याच्या अकरा नोंदी होत्या आणि त्यातल्या नऊ नोंदींत ‘गेले एकदाचे’ अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी होमस्टेचा खर्च काढला होता, खोल्यांचे रंग ठरवले होते, आणि मला घरात परकी माणसं सहन होत नव्हती.

दुसऱ्या यादीत मात्र एक गोष्ट आठ वेळा आली, तीही पावसातच. शेजारच्या काकांकडे कोय कलमं, म्हणजे कोयीतून रुजलेल्या रोपावर आंब्याची काडी, बांधायला गेले होते. एकदाही त्यापुढे ‘हवं’ लिहिलेलं नाही. नुसतं ‘जेवायला उशीर झाला’, ‘बोटं चिकाने काळी’, ‘अंधार पडला ते कळलं नाही’.

इथे एक शेवटची चूक करायची राहिली होती, तीही जवळजवळ केली: रोपवाटिकेसाठी कर्जाचा फॉर्म आणला. मग थांबले आणि आधी स्वस्तात चव घेतली. तुम्हीही तसंच करा. होमस्टे हवा असेल तर ओळखीच्यांच्या होमस्टेवर मेमधले दोन शनिवार-रविवार संडास धुवा. मुंबई सोडायची असेल तर रजा काढून गावी या, पण गणपतीत किंवा शिमग्यात नको. जूनच्या एखाद्या मंगळवारी या, वाडीत चिटपाखरू नसतं तेव्हा.

मी गेल्या पावसात पन्नास कोयी रुजत घातल्या. रोपं पंधरा दिवसांची, पानं तांबूस असतानाच हापूसच्या काड्या पाचरीसारख्या तासून बांधल्या. एकतीस जगली. मेलेल्या एकोणीस कलमांपुढे वहीत प्रत्येकी एक ओळ आहे: काडी जाड होती, पट्टी सैल, पाणी जास्त. एवढ्या बारीक नोंदी मी होमस्टेबद्दल कधीच केल्या नव्हत्या. कर्जाचा फॉर्म अजून कोराच आहे. यंदा शंभर कोयी घातल्यात.