डोंगरावरची दोन किलोमीटरची चूक : पर्वतीय वनस्पतींच्या मॉडेलिंगकडे वळणाऱ्यांसाठी

ठाण्यात उपवन तलावाच्या काठी उभे राहिले की समोर येऊरची रांग दिसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा पूर्वेकडचा भाग. उद्यानातील सर्वांत उंच जागा, जांभूळमाळ, अवघी 468 मीटर. हिमालयाच्या मानाने ही टेकडीच. पण वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना मला माझा प्रश्न याच उतारांनी दिला. हवामान आणि जमिनीचा वापर बदलत असताना डोंगरावरची झाडेझुडपे कोठे टिकतील, कोठून हटतील, आणि हे काही प्रमाणात तरी आधी सांगता येईल का, हा तो प्रश्न. या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी भेटतात तेव्हा कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हे ते बहुतेक वेळा आधी विचारतात. मला मात्र त्यांना आधी एका जुन्या कागदाविषयी सांगावेसे वाटते.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्यासमोर वाळवून चिकटवलेल्या एका रोपाचा पिवळा पडलेला कागद ठेवण्यात आला. पाने तपकिरी झाली होती, एक कळी सुटून छोट्या पाकिटात ठेवलेली होती आणि खालच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून एकच शब्द होता : खंडाळा. अक्षांश-रेखांश नव्हते, उंचीही नव्हती. मी घरी येऊन नकाशावर खंडाळा गावाच्या मध्यावर एक बिंदू ठेवला आणि पुढच्या नोंदीकडे वळले. सपाट प्रदेशात याने फारसे बिघडले नसते. खंडाळ्याच्या कड्यावरून कोकणाच्या बाजूला दोन किलोमीटर सरकले, तर मात्र जमीन काही शे मीटर खाली गेलेली असते. उंची हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे 400 मीटरच्या चुकीत सुमारे अडीच अंशांची चूक दडलेली असते. ज्या तापमानवाढीचा परिणाम मोजायला आपण बसलो आहोत, जवळपास तेवढीच चूक आपण पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने माहितीत घातलेली असते.

ही चूक केवळ नवशिक्यांची नाही. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी 1802 मध्ये इक्वेडोरच्या चिंबोराझो पर्वतावर चढाई केली आणि पुढे कोणती वनस्पती कोणत्या उंचीवर आढळते याचे प्रसिद्ध चित्र तयार केले. दोनशेहून अधिक वर्षांनी संशोधकांनी त्याच पर्वतावर फेरपाहणी केली आणि वनस्पती सरासरी 500 मीटरहून अधिक वर सरकल्याचा निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर 2019 मध्ये दुसऱ्या गटाने हुंबोल्ट यांची मूळ टिपणे आणि नमुने तपासले, तेव्हा उंचावरच्या वनस्पतींच्या बऱ्याच नोंदी चिंबोराझोच्या नसून अँटिसाना या दुसऱ्याच पर्वताच्या असल्याचे दिसले. योग्य पर्वतावर तुलना केल्यावर ते सरकणे 215 ते 266 मीटर इतके निघाले. वनस्पती वर सरकत आहेत हे खरेच ठरले. किती, हे मात्र नोंद कोठली आहे यावर अवलंबून होते. मी हे उदाहरण प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण जुन्या नोंदीचे ठिकाण आणि उंची निश्चित करण्याचे काम कंटाळवाणे वाटते आणि ते सर्वांत आधी टाळले जाते.

आता मॉडेलविषयी, म्हणजे हा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय गणितांविषयी. सर्वांत अधिक वापरला जाणारा प्रकार सहसंबंधावर उभा असतो : एखादी जात जिथे सापडली त्या ठिकाणांचे तापमान, पाऊस, उतार, माती पाहायची, परिसरातील इतर ठिकाणांशी तुलना करायची आणि तशीच परिस्थिती आज किंवा 2050 साली आणखी कोठे असेल ते शोधायचे. 2006 च्या शोधनिबंधामुळे रूढ झालेली मॅक्सएंट ही पद्धत त्यातली नवोदितांना सर्वांत लवकर जमणारी आहे, आणि म्हणूनच ती न समजता वापरण्याचा धोकाही तिच्यातच अधिक आहे. हवामानाची माहिती बहुतेक जण वर्ल्डक्लिम या जगभराच्या हवामान-माहितीसंचावरून घेतात. तिचा एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा असतो आणि हवामानकेंद्रांच्या नोंदींवरून मधल्या जागा गणिताने भरलेल्या असतात. सह्याद्रीत ही केंद्रे बहुधा गावांत आणि शहरांत आहेत, कड्यांवर नाहीत. पावसाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवरच्या वाईला तो 1,000 मिलिमीटरच्याही आत असतो. भारतीय हवामान विभागाच्या पाव अंशाच्या पर्जन्यमाहितीत एका चौकोनाची बाजूच साधारण 27 किलोमीटर भरते. सदाहरित जंगल आणि काटेरी झुडपे यांच्यामधला सगळा फरक ज्या अंतरात घडतो, ते अंतर त्या माहितीत जेमतेम एका चौकोनाइतके आहे. ही माहिती टाकाऊ नाही, दीर्घकाळाचा कल पाहायला ती फार मोलाची आहे. पण एका उताराविषयी तिच्याकडून उत्तर मागू नये.

माझ्या पहिल्या मॉडेलचा एयूसी, म्हणजे अचूकतेचा एक रूढ निर्देशांक (पूर्ण गुण 1), 0.9 च्या वर आला होता आणि मी अतिशय आनंदाने तो मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी आकड्याकडे पाहिलेच नाही. "या सगळ्या नोंदी नकाशावर टाक आणि वर रस्ते टाक," एवढेच ते म्हणाले. नोंदी माळशेज घाटाच्या रस्त्याला, माथेरानच्या पायवाटांना आणि येऊरच्या डांबरी रस्त्याला ओळीने चिकटून बसल्या होत्या. माणसे जिथे पोहोचतात तिथेच नोंदी होतात. मॉडेलने झाडाची गरज शिकण्याऐवजी आमची वाट शिकली होती. शिवाय मी तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या नोंदी शिकवण्याच्या नोंदींच्या शेजारच्याच होत्या, त्यामुळे ती परीक्षा परीक्षाच नव्हती. तेव्हापासून मी प्रदेशाचे मोठे तुकडे पाडते, एक संपूर्ण तुकडा मॉडेलपासून लपवून ठेवते आणि त्यावर ते किती चालते ते पाहते. आकडा हमखास खाली येतो, पण तो विश्वास ठेवण्याजोगा असतो. एखाद्या प्रबंधात केवळ उंच एयूसी दिला असेल आणि तपासणी कशी केली ते लिहिले नसेल, तर मी पुढचा नकाशा गांभीर्याने घेत नाही.

हवामानाव्यतिरिक्तच्या बदलांविषयी मला प्रयोगशाळेत कोणी शिकवले नाही. ते मी शहापूर तालुक्यात, माहुलीच्या पायथ्याच्या एका पाड्यावर शिकले. ठाण्याहून कसारा लोकलने आसनगावला उतरले की हा डोंगर जवळ पडतो. उपग्रहाच्या चित्रांत तिथल्या खालच्या उतारावरची हिरवाई दरवर्षी पावसाळ्याआधी विरळ दिसत होती आणि मी त्याचा संबंध वाढत्या उन्हाळ्याशी जोडला होता. एका ऐनाच्या झाडापाशी मी फांद्या मोजत असताना पाड्यावरचे एक आजोबा थांबले. "पोरी, हे झाड वाळलेलं नाही. राबासाठी आम्ही दर साली याचा टहाळ काढतो," ते म्हणाले, आणि खोडावरच्या कोयत्याच्या जुन्या-नव्या खुणा त्यांनी बोट ठेवून मला दाखवल्या. सर्वांत जुनी खूण सालीने जवळजवळ बुजवून टाकली होती. ताजीतून अजून डिंक येत होता. भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी फांद्या तोडून जाळण्याची ही पद्धत ठाणे-रायगडात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. वणवा, चराई, टहाळ, नव्याने पसरणारी घाणेरी आणि रानमोडी ही परदेशी झुडपे, हे सारे मॉडेलमध्ये न घेता झाडीतला प्रत्येक बदल हवामानाच्या खात्यावर टाकणे हा या विषयातला सर्वांत सामान्य दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारवी या सह्याद्रीतल्या झुडपाचे उदाहरणही याच प्रकारचे. ती साधारण सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. दाट कारवीचा उतार त्यानंतर उघडा पडतो. ज्याला कारवीचे जीवनचक्र ठाऊक नाही, तो आलेखातली ती घसरण दुष्काळाची समजेल. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की सेंटिनेल-2 या उपग्रहाची, 10 मीटरपर्यंतचा तपशील दाखवणारी सुंदर चित्रे जून ते सप्टेंबर ढगांमुळे आपल्याकडे जवळजवळ निरुपयोगी असतात. रडार ढगांतून पाहते, पण तीव्र उतारावर त्याची प्रतिमा वेडीवाकडी होते. सह्याद्रीतील झाडी सर्वांत वेगाने बदलते त्या चार महिन्यांविषयी आपण अवकाशातून सर्वांत कमी जाणतो.

दुसरा मोठा प्रकार प्रक्रियाधिष्ठित मॉडेलांचा. एलपीजे-गेस यासारख्या मॉडेलांत प्रकाशसंश्लेषण, पाण्याचा वापर, स्पर्धा, मृत्यू यांचे हिशेब वर्षानुवर्षे चालवले जातात. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर काय होईल, हा प्रश्न त्यांना विचारता येतो, सहसंबंधी मॉडेलला नीट विचारता येत नाही. हिमालयात उत्तराखंडातील तुंगनाथसारख्या ठिकाणी, जिथे भूर्ज आणि बुरांश यांच्या पट्ट्यानंतर वृक्षरेषा, म्हणजे झाडे वाढू शकतात ती वरची सीमा, येते आणि थंडीच निर्णायक ठरते, तिथे ही विचारसरणी विशेष उपयोगी आहे. सह्याद्रीत थंडीने आखलेली वृक्षरेषा नाही. इथे माथे उघडे आहेत ते वारा, पातळ माती, कातळ आणि आग यांमुळे. परदेशी प्रबंधातील पद्धत उचलताना हा फरक आधी तपासावा.

शिक्षणाचे सांगायचे तर पहिले वर्ष वनस्पती ओळखण्यात घालवावे; आर ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर दोन्ही विनामूल्य आहेत आणि सहा महिन्यांत हाताशी येतात. संख्याशास्त्र मात्र लवकर सुरू करावे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अल्पकालीन वर्ग चांगले आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, मिळाली, तर जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. ती नसेल तर प्रकल्प सहायक म्हणून वर्ष-दोन वर्षांच्या नेमणुकांवर राहावे लागते आणि ठाण्यात भाडे भरून तसे राहणे सोपे नाही, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्यावे. नवी मुंबईत पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची कामे मिळतात. त्यांत शिस्त लागते, पण संशोधनाला वेळ उरत नाही.

सध्या मी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावरच्या, वनस्पतींवर काम करते. या छोट्या रोपांना वर सरकायला जागाच नाही. कळसूबाईसुद्धा 1,646 मीटरवर संपते. एक किलोमीटरच्या चौकोनांवर चालवलेले माझे मॉडेल त्यांच्यासाठी शतकाअखेर बहुतेक माथे रिकामे दाखवते. त्या निष्कर्षावर सही करण्यापूर्वी मी माहुलीच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढ्या दोन तापमान-नोंदकांची जागा ठरवली : एक दक्षिणेकडच्या उघड्या कातळावर, दुसरा त्याच खडकाच्या उत्तरेकडच्या भेगेत, जिथे दुपारीही शेवाळ ओले असते. दोहोंत अंतर चार पावलांचे आहे. मॉडेलच्या लेखी ती एकच जागा आहे. नोंदकांत मात्र मेच्या दुपारचे आलेख दोन वेगळ्या ठिकाणचे वाटावेत इतके निराळे आले, आणि रोपे त्या भेगेतच होती. आता अशा भेगा मोजत आम्ही माथा फिरतो आहोत.