आधी परसदार बघून या : ऑस्ट्रेलियाची पहिली खेप

माझी आजी कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेली की पुढच्या खोलीत पोहे खात बसायची नाही. "जरा हात धुऊन येते" म्हणून सरळ परसदारी जायची. न्हाणीघर, पाण्याचा हौद, दोरीवरचे कपडे आणि थोरल्या सुनेचा चेहरा बघून परत यायची. घरी आल्यावर तिचाच शब्द चालायचा. ऑस्ट्रेलियात कायमचं जायचं का, हे ठरवायला आम्ही तिघं तेवीस दिवस जाऊन आलो ते आजीच्याच पद्धतीने. ऑपेरा हाऊस बघितलं नाही. सिडनीलाच गेलो नाही. त्यावरून नात्यात अजून बोलणी खातेय.

आम्ही म्हणजे मी, वय ३८, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला. नवरा हायस्कुलात गणित शिकवतो. मुलगी सहावीत. सासूबाई नाशिकलाच राहिल्या. हे सांगते, कारण पुढचं सगळं या चौघांच्या हिशेबाने आहे. तुमची माणसं वेगळी असतील तर तुमचा हिशेबही वेगळा निघेल.

तिकिटाआधी कागद

कौशल्यावर मिळणाऱ्या कायमच्या व्हिसासाठी ऑस्ट्रेलिया माणसाला गुण देतं. दोन संध्याकाळी त्या गुणांच्या तक्त्यापुढे बसा. २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की हा दरवाजा बंद. म्हणजे चाळिसाव्या वाढदिवसाला केक कापताना माझे १० गुण जाणार. किमान ६५ लागतात, पण तेवढ्यावर अर्ज करायचं बोलावणं येईल या भ्रमात राहू नका. बहुतेक व्यवसायांना त्याहून बरेच जास्त लागतात.

मग तुमचा पेशा तिथे कोण तपासतं ते बघा. माझ्यासारख्या इंजिनिअरला इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडे सीडीआर, म्हणजे आपल्या कौशल्याचा अहवाल, द्यावा लागतो. स्वतः केलेल्या कामाच्या तीन सविस्तर हकिगती त्यात लिहायच्या असतात. 'आमच्या टीमने केलं' असं चालत नाही, 'मी केलं' असं लिहावं लागतं, आणि आपल्याला तेच जड जातं. शिक्षकांचं मूल्यमापन करणारी संस्था आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनाला ७ आणि श्रवण-संभाषणाला ८ मागते. मराठी माध्यमात सोळा वर्षं शिकवलेल्या माझ्या नवऱ्याने हा आकडा वाचला आणि चहा करायला उठून गेला.

कागदावरच बसत नसेल तर सहल म्हणून जा, आणि खुशाल ऑपेरा हाऊस बघा.

दोनच शहरं

हा देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे आणि माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या पाव. सिडनीहून पर्थला विमानाने पाचेक तास लागतात. तेवढ्यात मुंबईहून सिंगापूर येतं. तेव्हा "जातोच आहोत तर सगळंच बघून येऊ" हा विचार विमानतळावरच पैसे आणि दिवस संपवतो.

आम्ही मेलबर्न आणि ॲडलेड धरली. मेलबर्नला उत्पादन क्षेत्रातलं काम आहे आणि ओळखीची दोन घरं आहेत. ॲडलेड धरलं ते गुणांसाठी. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकीचा जवळजवळ सगळा देश व्हिसाच्या भाषेत 'रीजनल' आहे, ॲडलेडसुद्धा. तिथल्या राज्याने ४९१ नंबरच्या तात्पुरत्या व्हिसासाठी नाव सुचवलं तर १५ गुण वाढतात. मात्र तीन वर्षं रीजनल भागातच राहून काम करावं लागतं, मग १९१ म्हणजे कायमचा व्हिसा मागता येतो. तिकीट सिंगापूरमार्गे मेलबर्नला जायचं आणि ॲडलेडहून परतायचं काढलं. उगाच मागे फिरायला नको.

जुलैत जा

डिसेंबरात तिथे उन्हाळा, सुट्ट्या, समुद्रकिनारे. तेव्हा कुठलाही देश आवडतो. आम्ही जुलैत गेलो. मेलबर्नला सकाळी सव्वासातपर्यंत अंधार आणि सव्वापाचला पुन्हा अंधार. बर्फ पडत नाही, पण बारीक पाऊस आणि वारा असा की आमचे नाशिकचे स्वेटर नुसते शोभेचे ठरले.

एक चूक मात्र झाली. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत तिथे शाळांना थंडीची सुट्टी असते, हे मी तपासलंच नाही. ४ जुलैला पोचलो तेव्हा सगळ्या शाळांना कुलपं. मेलबर्नच्या शेवटच्या दोन दिवसांत कशीबशी एक शाळा बघितली. तुम्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुढे जा. सरकारी शाळेत प्रवेश घराच्या पत्त्यावरून मिळतो, म्हणून आधी शाळा निवडून घ्या आणि मग त्या हद्दीत घर बघा. आधी ईमेल टाकला की शाळा आतून दाखवतात. वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं. आपल्याकडे जूनपासून शिकलेलं मूल तिथे मध्येच कुठल्या वर्गात बसेल, हेही तेव्हाच विचारून घ्या.

व्हिसा आणि डबा

पर्यटनासाठी ६०० नंबरचा व्हिसा, अर्ज ऑनलाइन. फी बहुधा दर १ जुलैला बदलते, म्हणून अर्जाच्या दिवशीचाच आकडा धरा. "स्थायिक होण्याचा विचार आहे हे अजिबात लिहू नका" असा सल्ला आम्हाला पैसे देऊन मिळाला होता. तो आम्ही मानला नाही. पत्रात सरळ लिहिलं की शहर आणि शाळा बघायला जातोय, अमुक तारखेला परत येतोय. सोबत दोघांच्या रजेची मंजुरी, मुलीचं बोनाफाइड, बँकेचे कागद. व्हिसा मिळाला. हातात आल्यावर अटी वाचा. काम करायला मनाई असतेच, आणि ८५०३ नंबरची अट असेल तर तिथे बसून पुढचा व्हिसा मागता येत नाही.

आता डब्याचं. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याच्या वस्तू आहेत का असा प्रश्न असतो. 'हो' वर खूण करा. सासूबाईंनी निघताना पेढ्यांचा डबा दिला होता. दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडावर नाही म्हणवलं नाही. अधिकारी बाईने डबा उघडला, वास घेतला, "सुंदर" म्हणाली आणि बाजूला ठेवला. गोडा मसाला आणि चहा परत दिला. सांगितलं म्हणून पेढ्यांवर निभावलं, लपवलं असतं तर जागच्या जागी दंड. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. प्रवासविमा नक्की काढा, कारण व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, अँब्युलन्ससुद्धा फुकट नाही.

पाहुणे होऊ नका

नातेवाइकांकडे दोन रात्री राहा. बाकीचे दिवस, पहिल्या वर्षी तुम्हाला परवडेल अशाच उपनगरात खोली घ्या. मेलबर्नमध्ये आम्ही पश्चिमेला टार्नीटला राहिलो. वाण्याच्या दुकानात भाकरीचं पीठ मिळतं आणि शेजारच्या रांगेत पंजाबी ऐकू येतं, इतका तो भाग आपल्या लोकांचा झालाय. मग एक कामाचा दिवस खोटा खोटा जगून बघा. मी मंगळवारी सातच्या सुमाराला स्टेशनवर गेले. गाड्या लावायची जागा तोवर भरत आली होती. मायकी हे तिथलं प्रवासाचं कार्ड टेकवलं, शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनपर्यंत उभ्याने गेले, परत आले, दूध घेतलं, स्वयंपाक केला. नाशिकच्या कंपनीच्या बसपेक्षा त्रास कमी झाला, पण दिवसभरात कुणाशी चार वाक्यंही बोलणं झालं नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं.

भाड्याची घरं तर बघाच. पर्यटकालाही बघता येतात. ॲपवर वेळ दिलेली असते, बहुतेक पंधरा मिनिटांची. आम्ही पोचलो तेव्हा दारात वीसेक माणसं होती. सगळ्यांनी बूट काढले, एजंटने मोबाइलवर नावं टिपली, आणि सगळे एका मागोमाग एक, देवळातल्या रांगेसारखे, बेडरूममधून फिरले. बाकीचे ओट्याचे फोटो काढत होते. मी खिडकीच्या चौकटीला हात लावून उभी राहिले, तर फटीतून गार हवा सरळ मनगटावर येत होती. काच एकेरी. कपाटाचं दार उघडलं तर मागच्या कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके. हीटर होता, पण फक्त बैठकीच्या खोलीत. तिथली बरीच जुनी घरं अशीच. बाहेर सहा अंश असतात आणि आतही फार वेगळं नसतं.

भाडं आठवड्याचं सांगतात. इथे आपली सगळ्यांचीच फसगत होते. ५५० डॉलर ऐकलं की आपण चारने गुणून २,२०० म्हणतो. पण वर्षात ५२ आठवडे. ५५० गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे महिन्याला २,३८३. वर साधारण महिन्याभराचं डिपॉझिट. व्हिक्टोरियात ते घरमालकाच्या खिशात न जाता सरकारी बाँड खात्यात राहतं. पुण्यात डिपॉझिटसाठी मालकाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना हे ऐकून बरं वाटेल.

आणि रुपयांत गुणाकार करणं तिसऱ्या दिवशी थांबवा. कोथिंबिरीची जुडी बघून चक्कर येते, बाकी काही कळत नाही. तासांत मोजा. १ जुलै २०२५ ला किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं आणि पूर्ण आठवडा ३८ तासांचा. ५५० डॉलर भाडं म्हणजे कर कापायच्या आधीचे २२ तास. दोघांपैकी एकालाच काम मिळालं आणि तेही किमान वेतनाचं, तर सोमवार ते बुधवार राबायचं ते घरमालकासाठी. घरची महिन्याच्या किराण्याची यादी घेऊन आल्डी, कोल्स आणि आपलं दुकान अशा तिन्ही ठिकाणी भाव लिहून आणा. डाळ-तांदळाने घाबरवलं नाही. मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रांचे दर बघून घाम फुटला. आमची मुलगी मोठी आहे म्हणून सुटलो.

कुणाला काय विचारायचं

मेलबर्नला महाराष्ट्र मंडळ आहे, माणसं अगत्याची आहेत. पण कार्यक्रमात भेटलेला माणूस "मस्त चाललंय" एवढंच म्हणतो. खरं ऐकायचं तर त्यांच्या घरी जेवल्यावर भांडी घासायला उभे राहा. एका वहिनींनी मला साबणाच्या हातानेच सांगितलं की एम.एस्सी. असून पहिली सव्वा वर्षं त्या गोदामात रात्रपाळीला खोकी भरत होत्या, आणि हे त्यांच्या आईला आजही माहीत नाही. मी विचारलं, परत गेला असतात का? म्हणाल्या, "त्या वर्षी तिकिटाला पैसे असते तर गेले असते." दोन वर्षं झालेल्यांशी बोला आणि बारा वर्षं झालेल्यांशीही बोला. आणि नवरा-बायकोला वेगवेगळं विचारा.

ॲडलेडला माझा वेगळाच भ्रम फुटला. शहर आवडलं. नाशिकच्या माणसाला पेलेल एवढं आहे, मध्यभागात ट्राम फुकट आहे, आणि भारताशी थंडीत बरोबर चार तासांचा आणि उन्हाळ्यात पाच तासांचा फरक असल्याने सासूबाईंना फोन करताना डोकं लढवावं लागत नाही. पण होल्डनचा मोटार कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला. आता इंजिनिअरांच्या जाहिरातींत मोठा भरणा संरक्षणाचा, ऑस्बोर्नच्या जहाजगोदीचा. त्यासाठी सुरक्षा मंजुरी लागते आणि ती सहसा नागरिकांनाच मिळते. नाशिकला बसून मी याच जाहिराती मोजून खूश झाले होते. म्हणून तुम्हीही तुमच्या कामाच्या वीस जाहिराती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि जानेवारीबद्दलही विचारा. २४ जानेवारी २०१९ ला त्याच शहरात पारा ४६.६ वर गेला होता. जुलैत बघून ते कळणार नाही.

राहिला आईवडिलांचा प्रश्न. तो तिकडे जाऊन सुटत नाही, इथेच वाचून घ्या. ढोबळमानाने, निम्मी तरी मुलं ऑस्ट्रेलियात असली पाहिजेत अशी अट आहे. नवरा एकुलता एक, म्हणून आम्ही त्यात बसतो. पण साध्या पालक व्हिसाची रांग तीसेक वर्षांची, आणि भरपूर पैसे भरून मिळणाऱ्याचीही दहा वर्षांच्या वर. सासूबाई ७१ च्या आहेत. त्यांच्यापुरता मार्ग म्हणजे येऊन-जाऊन राहण्याचे व्हिसे, एवढंच.

परतल्यावर फोटो दाखवायच्या आत तिघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, असं ठरलं होतं. मुलीने लिहिलं, शाळेचं ग्रंथालय आवडलं, पण मधल्या सुट्टीत थंड सँडविच खाणार नाही. नवऱ्याने आयईएलटीएसच्या क्लासची फी लिहिली, बाकी काही नाही. मी सीडीआरची पहिली हकिगत लिहायला घेतलीय. चाळिशीला सतरा महिने उरलेत. सासूबाईंनी आमच्या तिन्ही चिठ्ठ्या चष्मा लावून वाचल्या आणि विचारलं, पासपोर्टला फोटो किती लागतात.