बांगड्याचे ९६ नमुने आणि एक स्वस्त पिपेटिंग रोबो: प्रोटीन प्रेप कसं बसवायचं

१ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून आम्ही मे महिन्यातच जेटीवरून बांगडे नि तारले आणतो, मांसाचे तुकडे करून उणे ८० ला ठेवतो, आणि मग पावसाळाभर बसून त्यांची प्रोटीन मास स्पेकसाठी (रेणूंच्या वजनावरून प्रोटीन ओळखणारं यंत्र) तयार करतो. हाताने आठ नमुने छान होतात. ९६ होत नाहीत. मी एकदा मोजलं, एका नमुन्याला कमीतकमी १४ वेळा पिपेट लावावं लागतं, म्हणजे ९६ विहिरींच्या (छोट्या खड्ड्यांच्या) प्लेटला १३४४ वेळा, आणि साठाव्या नमुन्यानंतर अंगठा आपलं ऐकत नाही हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

आमच्याकडे ओटी-२ नावाचा पिपेटिंग रोबो आहे. मोठ्या कंपन्यांच्या मशीनपुढे बराच स्वस्त, पायथॉनमध्ये प्रोटोकॉल लिहिता येतो, डेकवर ११ जागा, एका वेळी दोन पिपेट. पण एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या: याला द्रव दिसत नाही. ट्यूबमध्ये पाणी आहे का हवा, टिपमध्ये बुडबुडा आलाय का, काही कळत नाही त्याला. तुम्ही सांगाल त्या उंचीवर जाऊन सांगाल तेवढं ओढतो, बस. त्यामुळे खरं काम कोड लिहिण्याचं नाही, प्रत्येक द्रव कसा वागतो ते त्याला शिकवण्याचं आहे, आणि पहिला आठवडा त्यातच घालवा.

सुरुवात पाण्याने करा. ०.१ मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर रिकामी ट्यूब तोला, रोबोकडून ५० मायक्रोलिटर दहा वेळा टाकून घ्या, परत तोला. ५०० मिलिग्रॅमच्या जवळ यायला हवं (खोली गरम असेल तर दोनेक मिलिग्रॅम कमी). नंतर रिकाम्या प्लेटमध्ये खायचा रंग घातलेलं पाणी टाकून बघा, कुठली विहीर फिकी दिसते ते लगेच कळतं, आणि आठ-चॅनलची एखादी टिप नीट बसली नसेल तर अख्खी ओळच फिकी येते.

मग ८० टक्के इथेनॉल. याला वेगळा वेळ द्या! पाण्याच्याच सेटिंगवर इथेनॉल ओढलं की टिपच्या टोकाला एक थेंब हळूहळू फुगतो, डेकच्या मध्यावर पोचेपर्यंत लोंबकळतो आणि पडतो तो नेमका दुसऱ्याच्या नमुन्यात. कारण टिपमधल्या हवेत इथेनॉलची वाफ भरते आणि ती द्रवाला खाली ढकलते. उपाय साधा आहे, ओढण्याआधी तीन वेळा आत-बाहेर करून टिप ओली करा, वेग कमी ठेवा, ओढून झाल्यावर १० मायक्रोलिटर एअर गॅप (टोकाशी नुसती हवा) घ्या. एवढ्याने आमचा थेंब थांबला. उलट एसडीएस (साबणासारखं डिटर्जंट) असलेल्या बफरला ब्लो आऊट (शेवटी हवा फुंकून टिप रिकामी करणं) करायचंच नाही, फेस होतो आणि पुढच्या वेळी टिप फेसच ओढते.

उंचीचं पण बघा. सेटिंग न बदलता ठेवलं तर टिप विहिरीच्या तळापासून १ मिलिमीटरवर जाते. प्लेटला ते ठीक. पण १५ मिलीच्या भरलेल्या ट्यूबमध्ये पिपेटचा नळाच बफरमध्ये बुडतो, आमचा बुडाला होता, अख्खी दुपार तो उघडून पुसण्यात गेली. आता मी रिएजंट नेहमी उथळ ट्रफमध्ये नाहीतर स्ट्रिपमध्ये ठेवते, आणि दहा टक्के जास्तच भरते.

आता खरा प्रोटोकॉल. मांस फोडायचं काम रोबोला देऊ नका. १०० मिलिग्रॅम तुकडा, १ टक्का एसडीएसचं १ मिली बफर, ९५ डिग्रीला पाच मिनिटं, सोनिकेशन, मग १६,००० जीला फिरवून घ्या. बांगडा तेलकट, त्यामुळे वर चरबीचा पातळ पांढरा थर येतो आणि तळाला गाळ. मधलंच स्वच्छ पाणी हाताने प्लेटमध्ये घ्या. सोनिकेशन कमी पडलं तर डीएनएमुळे नमुना तारेसारखा ओढला जातो, हाताला ते जाणवतं, रोबोला नाही.

प्रोटीन किती ते बीसीएने (तांब्याच्या रंगावरून प्रोटीन मोजायची चाचणी) मोजा, आणि डीटीटी (प्रोटीनमधले सल्फरचे बंध तोडणारं रसायन) घालायच्या आधीच मोजा, डीटीटी तांब्याला क्षपित करतं आणि सगळंच जांभळं दिसतं. २५ मायक्रोलिटर नमुना (आधी दहापट पातळ केलेला), २०० मायक्रोलिटर रिएजंट, ३७ डिग्रीला ३० मिनिटं, ५६२ नॅनोमीटर. रोबोवर बसवायला हे पहिलं काम उत्तम, कारण चूक झाली तर रंगात दिसते आणि नमुनाही फार जात नाही. रंग मोजणाऱ्या रीडरचे आकडे फाईलमधून स्क्रिप्टला द्या आणि प्रत्येक विहिरीत ५० मायक्रोग्रॅम प्रोटीन ३० मायक्रोलिटरमध्ये येईल असं तिलाच गणित करू द्या. कुठल्या नमुन्याचे २ मायक्रोलिटरपेक्षा कमी घ्यावे लागत असतील तर स्क्रिप्टने थांबून सांगावं, तो नमुना आधी पातळ करा. या टप्प्याला पी२० सिंगल (२० मायक्रोलिटरपर्यंतचं एका टिपचं पिपेट) लागतं, पुढे ते काढून आठ-चॅनलवालं पी२० लावायचं आणि कॅलिब्रेशन परत करायचं, कंटाळा केलात तर टिपा वाकड्या बसतात.

पुढे एसपी३, म्हणजे प्रोटीन चुंबकी मण्यांवर (बीड्स) चिकटवून धुणं. ७० मिलिमोलर डीटीटी ५ मायक्रोलिटर, ५६ डिग्रीला ३० मिनिटं. मग १६० मिलिमोलर आयोडोअॅसिटामाइड ५ मायक्रोलिटर, ३० मिनिटं अंधारात, म्हणजे तुटलेले बंध परत जुळत नाहीत. रोबोचे पडदे पारदर्शक असतात, तेव्हा इथे स्क्रिप्टमध्ये पॉज टाका आणि प्लेटवर फॉइल घाला. झाले ४० मायक्रोलिटर. त्यात १० मायक्रोलिटर बीड्स (५०० मायक्रोग्रॅम), त्यावर ५० मायक्रोलिटर निव्वळ इथेनॉल, म्हणजे बरोब्बर ५० टक्के. बीड्स बघता बघता खाली बसतात, म्हणून प्रत्येक कॉलमआधी पाच वेळा मिक्स करायलाच लावा, नाहीतर पहिल्या कॉलमला चॉकलेटी नि बाराव्याला चहाचं पाणी. दहा मिनिटं हलवा, मग मॅग्नेट.

द्रव स्वच्छ झाल्यावरच काढा, अगदी हळू, आणि टिप बीड्सच्या समोरच्या भिंतीकडे सरकवून. बीड्स कुठल्या बाजूला चिकटतात ते प्रत्येक कॉलमला स्वतः वाकून बघा आणि तसं स्क्रिप्टमध्ये लिहा. तळाला ५ मायक्रोलिटर राहिलं तर राहू दे, बीड्स गेले तर नमुनाच गेला. ८० टक्के इथेनॉलने १८० मायक्रोलिटरचे तीन वॉश, शेवटच्यानंतर उरलेलं पी२०ने टिपून घ्या. एक-दोन मिनिटं सुकवा, जास्त नको, तडे गेलेल्या बीड्समधून पेप्टाइड (प्रोटीनचे छोटे तुकडे) नीट सुटत नाहीत.

ट्रिप्सिनची (प्रोटीन कापून पेप्टाइड करणारं एन्झाइम) गोष्ट खास आपल्याकडची. सगळे सांगतात की टेंपरेचर मॉड्यूल (डेकवरचा थंड-गरम होणारा ब्लॉक) ४ डिग्रीवर ठेवून त्यात ट्रिप्सिन ठेवा. जुलैत आमच्या खोलीत तसं ठेवलं तर अर्ध्या तासात ब्लॉकवर दव जमून पाणी खाली वाहायला लागतं, आणि उघड्या विहिरीत पण ते उतरतं. म्हणून एसी आदल्या रात्रीपासून चालू, ट्रिप्सिन बर्फात, आणि टाकायच्या क्षणीच डेकवर. १ मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन १०० मायक्रोलिटर ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये, म्हणजे प्रोटीनच्या पन्नासाव्या भागाइतकं. मॅग्नेट बंद, मिक्स, प्लेट सील करून ३७ डिग्रीच्या शेकरमध्ये रात्रभर. शेकर यूपीएसवर हवाच, आणि रोबोसुद्धा. लाईट गेली की रन जिथे थांबला तिथून पुढे जात नाही, म्हणून मी एक मोठी स्क्रिप्ट न लिहिता चार छोट्या ठेवल्यात, रिडक्शन, बाइंडिंग, वॉश, डायजेशन, आणि प्रत्येकीनंतर कुठल्या कॉलमपर्यंत आलो ते वहीत लिहिते.

प्रत्येक प्लेटवर आठ विहिरी एकाच बांगड्याच्या मिश्र नमुन्याच्या ठेवा, कोपऱ्यात दोन, बाकी मध्ये विखुरलेल्या, आणि चार विहिरींत नुसतं बफर. बफरच्या विहिरींत माशाचं अॅक्टिन (स्नायूंचं प्रोटीन) दिसलं तर थेंब कुठेतरी पडतोय, आणि केराटिन (आपल्या त्वचेचं प्रोटीन) दिसलं तर हातमोजे बदला. आठ जुळ्यांमध्ये कोपऱ्यातलेच वेगळे आले तर सील सुटतंय.

सकाळी फॉर्मिक अॅसिड घालून १ टक्का करा, परत मॅग्नेटवर ठेवा, वरचं ९० मायक्रोलिटर नव्या प्लेटमध्ये घ्या. ही प्लेट उजेडात धरून खालून बघा, एकाही विहिरीत तपकिरी ठिपका नको, असला तर तेवढीच विहीर परत मॅग्नेटवर. मग सील, त्यावर तारीख नि माशाचा नंबर, आणि उणे २०.