वायरलेस थ्रॉटलचे सेल: किती तास चालतात, कसे चार्ज करायचे

डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीच्या मॉडेल रेल्वे लेआउटवर हातातला थ्रॉटल, म्हणजे गाडी चालवायचा रिमोट, बंद पडला, तरी बहुतेक सिस्टिममध्ये इंजिन थांबत नाही. कमांड स्टेशन, म्हणजे रुळांना आदेश पाठवणारी मुख्य पेटी, शेवटचा वेग रुळांवर पाठवत राहतं आणि गाडी उलट्या पडलेल्या सांध्यावर जाऊन घसरते. त्यामुळे सेलचा हिशेब गाडी सुटण्याआधीच झालेला हवा.

रोकोच्या डब्ल्यूलॅनमाउस थ्रॉटलला तीन ट्रिपल-ए सेल लागतात, डिजिट्रॅक्सच्या डीटी602 ला दोन डबल-ए, म्हणजे आपले पेन्सिल सेल. जुन्या डीटी402 ला मात्र 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. या चौकोनी बॅटरीचा रिचार्जेबल प्रकार साधारण 200 एमएएचचाच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) असतो, म्हणून जोडीला दुसरी भरून ठेवाच.

किती तास मिळतील ते मोजून काढा. सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये कागदाच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी चिकटवून सरकवा आणि दोन पट्ट्यांना मल्टिमीटर जोडा. मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर ठेवा. मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि वायफाय थ्रॉटल पुन्हापुन्हा रिसेट होतो. समजा 100 मिलिअँपिअर दिसले आणि सेल 2000 एमएएचचे आहेत, तर कागदावर 20 तास. त्यातले 15-16 धरून चाला. सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एमएएचची बेरीज करायची नाही. दोन सेल असोत वा तीन, हिशेब एकाच सेलचा.

आमची पसंती कमी गळतीच्या निकेल मेटल हायड्राइड सेलना. साधे रिचार्जेबल सेल पडून राहिले तरी महिन्याभरात बरेच उतरतात, हे वर्षभरानंतरही बहुतांश भरलेले असतात. एक गोष्ट मात्र फसवते: अल्कलाइन 1.5 व्होल्टपासून हळूहळू उतरतो, तर हा सेल बराच काळ 1.2 व्होल्टवरच टिकतो. थ्रॉटलचं मीटर अल्कलाइनसाठी लावलेलं असेल, तर पूर्ण भरलेला सेलही अर्धा दाखवतो आणि शेवटी इशारा देऊन झटकन संपतो. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर ती आधी बदला.

चार्जर प्रत्येक सेलची वेगळी तपासणी करणारा घ्या. जोडीनेच चार्ज करणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल अर्धवट राहतो, दुसरा जास्त तापतो. 2000 एमएएचच्या सेलला 500 ते 1000 मिलिअँपिअर योग्य. 200 वर भरले तर 14 ते 16 तास लागतात. एका थ्रॉटलचे सेल एकाच दिवशी विकत घेतलेले, एकाच कंपनीचे ठेवा आणि त्यावर मार्करने क्रमांक टाका. जुना-नवा एकत्र घातला की कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून उलटा प्रवाह ढकलतात आणि तो कायमचा बाद होतो.

14500 हा लिथियम सेल आकाराने डबल-एसारखाच असतो, पण 3.7 व्होल्टचा. तो घातला तर थ्रॉटल जळू शकतो. थ्रॉटलमध्येच चार्जिंगची सोय असेल, तर आत अल्कलाइन सेल असताना ती चालू ठेवू नका. सेल गळतो, फुटूही शकतो. गळलेल्या अल्कलाइनचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, मग पाण्याच्या ओल्या कापसाने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.

फोनवर थ्रॉटल अ‍ॅप वापरत असाल तर स्क्रीनचा उजेड कमी करा. त्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर स्क्रीन बंद होताच वायफाय तुटतं.