मुलांसाठी अवकाशाचं पुस्तक घेताना आधी काय तपासायचं

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाचनालयाचा बालविभाग सांभाळते. मे महिना उजाडला की पालक येतात आणि म्हणतात, "ताई, ह्याला स्पेसचं एखादं चांगलं पुस्तक द्या." त्यांना मी जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण काउंटरवर रांग असली की निम्मं राहून जातं.

पहिला प्रश्न पालकांना नाही, मुलाला विचारायचा. तुला रॉकेटं आवडतात, की तारे, की "तिकडे कोणी राहतं का" हे? ही तीन वेगळी मुलं असतात. रॉकेटवाल्याच्या हातात नक्षत्रांचं पुस्तक ठेवलं तर चार दिवसांत ते परत येतं, आणि वर आई म्हणते, ह्याला वाचनाची आवडच नाही. आवड आहे हो, पुस्तक चुकलंय.

आता दुकानात किंवा आमच्या कपाटासमोर उभे आहात असं धरू. मुखपृष्ठ बाजूला ठेवा. निळ्या-जांभळ्या आकाशगंगेचं छान मुखपृष्ठ कोणालाही करता येतं. आतली मोजकी ठिकाणं बघायची.

आधी पृथ्वी-सूर्य अंतर शोधा. ते १५ कोटी किलोमीटर आहे. इंग्रजीतून घाईघाईने मराठीत आणलेल्या पुस्तकांत ते कधी १५० लाख होतं, कधी दीड कोटी. मूळ पुस्तकात १५० मिलियन असतं, एक मिलियन म्हणजे दहा लाख, आणि हा हिशेब करायचा कंटाळा केला की सूर्य दहापट जवळ येऊन बसतो. तसंच विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आणि सूर्यमालेचं सुमारे ४६० कोटी वर्षं. हे तीन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा. तिन्ही बरोबर असतील तर अनुवादकाने निदान जागेपणी काम केलंय. एक जरी चुकला तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही, पुस्तक परत कपाटात.

मग अंतराळवीर तरंगतात ते पान काढा. "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून" असं लिहिलं असेल तर लेखकाने विषय नीट समजून घेतलेला नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं, आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक आणि आतली माणसं सतत पृथ्वीकडे पडतच असतात, पण पुढे जाण्याचा वेग इतका असतो, तासाला सुमारे २८ हजार किलोमीटर, की पडता पडता ती पृथ्वीला वळसा घालतात. सगळेच एकत्र पडतात म्हणून कोणाला वजन जाणवत नाही. चांगलं पुस्तक हे दोन-चार वाक्यांत आणि एका चित्रात सांगतं. ते चित्र असेल तर मी बाकीचं थोडंफार माफ करते.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते असं कुठे आढळलं तर पुढे वाचूच नका.

पुस्तक किती जुनं हेही बघायचं, पण त्यात तारतम्य हवं. प्लूटो नववा ग्रह म्हणून दिला असेल तर मजकूर ऑगस्ट २००६ च्या आधीचा. चंद्र अगदी कोरडा ठणठणीत असं म्हटलं असेल तर चांद्रयान-१ च्या निरीक्षणांमधून २००९ मध्ये जे कळलं ते त्यात आलेलं नाही. भारताचे अंतराळवीर म्हणून एकट्या राकेश शर्मांचं, १९८४ चं नाव असेल तर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर राहून आले, ते राहिलं. शनीच्या चंद्रांची संख्या तर कुठलंच पुस्तक धड ठेवू शकत नाही. २०२५ मध्ये ती एकदम २७४ वर गेली. म्हणून ग्रह आणि मोहिमांची पुस्तकं शक्यतो नवी घ्या. नक्षत्रांची पुस्तकं मात्र जुनी बिनधास्त घ्या. मृग आणि सप्तर्षी आजोबांच्या लहानपणी जसे होते तसेच आहेत. रद्दीवाल्याकडे किंवा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत असं काही मिळालं तर सोडू नका. फक्त दुकानदाराला "खगोलशास्त्र" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो आनंदाने वार्षिक राशिभविष्य काढून देतो.

अगदी लहानांच्या चित्रपुस्तकांत आकडे नसतात, तिथे चित्रच तपासायचं. चंद्राच्या कोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढलेली असते, ती बघा. तिथे चंद्राचाच अंधारातला भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार कसा? शिवाय परदेशी पुस्तकांत कोर उभी असते. आपल्याकडे बीजेची कोर होडीसारखी बरीच आडवी दिसते, खास करून फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. पाच वर्षांच्या मुलाला गच्चीवर नेऊन दाखवा आणि विचारा, पुस्तकातला चंद्र आणि हा चंद्र सारखाच आहे का? पुस्तकाला प्रश्न विचारायची सवय इथून लागते.

आता तारकानकाशांकडे जरा थांबते, कारण पैसे सर्वात जास्त इथे वाया जातात. नातेवाईक परदेशातून सुंदर, जाड कागदाचं नक्षत्रांचं पुस्तक आणतात. ते लंडनच्या आकाशासाठी छापलेलं असतं. तिथे ध्रुवतारा डोक्याच्या बराच जवळ, ५१ अंशांवर असतो आणि सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो आणि सप्तर्षी वर्षातले काही महिने संध्याकाळी दिसतही नाहीत. मूल पुस्तक घेऊन बाहेर जातं, सांगितलंय तिथे ध्रुव सापडत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून नकाशा कुठल्या अक्षांशाचा आहे ते आधी बघा. महाराष्ट्रासाठी २० अंश उत्तर किंवा त्याच्या आसपासचा हवा. फिरती तारकाचकती, म्हणजे तारीख-वेळ जुळवली की तेव्हाचं आकाश दाखवणारी चकती, मिळाली तर उत्तमच, तिथेही हाच आकडा बघायचा.

पण त्या परदेशी पुस्तकाचाही उपयोग करता येतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. मृगाचा पट्टा शोधा, म्हणजे ते तीन ओळीतले तारे. त्यांच्या रेषेत खाली आलं की आकाशातला सर्वात तेजस्वी तारा, व्याध. आता व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजाच्या बाजूला एक मोठा पांढरा तारा एकटाच दिसेल. तो अगस्त्य, तेजस्वितेत दुसरा. हात सरळ ताणून मूठ धरली की ती साधारण दहा अंश होते. क्षितिजापासून मोजा, अगस्त्य दोन मुठींच्या जरा खाली भरेल. तसंच वळून उत्तरेला ध्रुव मोजा, तोही जवळपास तेवढाच. आता मुलाला म्हणा, त्या लंडनच्या पुस्तकात अगस्त्य शोध. सापडणार नाही, कारण तिथे तो कधी क्षितिजावर येतच नाही. पृथ्वी गोल आहे म्हणजे काय, ते ह्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही. दक्षिणेला डोंगर असलेल्या वाड्यांमध्ये मात्र आधी मोकळी जागा हेरून ठेवा.

वयाचं म्हणाल तर मी फार काटेकोर नाही. सात वर्षांपर्यंत चित्रं आणि मांडीवर बसून वाचणं. आठ ते अकरा हे माहितीचं वय, तेव्हा मुलांना सगळ्यात मोठं, सगळ्यात गरम, सगळ्यात लांब असं सगळं पाठ करायचं असतं. करू द्या. बाराच्या पुढे "का" सुरू होतो, आणि तिथे जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' हाताशी ठेवावं. सलग वाचायला सांगू नका. कृष्णविवराचं प्रकरण आधी वाचलं तरी चालतं. मराठी विश्वकोशातल्या नोंदीही इंटरनेटवर फुकट वाचता येतात, पण भाषा जड आहे, शेजारी मोठं माणूस हवं.

गोष्टींना कमी लेखू नका. माहितीचं पुस्तक हातात न धरणारी मुलं नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'तल्या विज्ञानकथा एका बैठकीत संपवतात. त्यांना मी एक खरी गोष्ट आवर्जून सांगते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी बक्षीस द्यायला नको, म्हणून. पहिलं बक्षीस त्या कथेलाच मिळालं. पुस्तक मागायला लाजणारी मुलं हे ऐकून हमखास घेऊन जातात. घरात आजी-आजोबा असतील तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं आकाशाची ओळख करून देणारं 'ज्योतिर्विलास' त्यांच्यासाठी न्या. एकोणिसाव्या शतकातलं आहे, मराठी जुन्या वळणाची, पण मोठ्याने वाचून दाखवायला गोड.

पुस्तक घरी आलं की सूर्यमालेचं दोन पानी चित्र काढा, सगळे ग्रह एका ओळीत, शेजारी शेजारी. "चित्र प्रमाणात नाही" असं खाली लिहिलंय का बघा. प्रामाणिक पुस्तकात असतं. नसेल तर ते चित्र मुलांकडून रस्त्यावर दुरुस्त करून घ्या. दहा सेंटिमीटर व्यासाचा चेंडू म्हणजे सूर्य. पृथ्वी खसखशीचा एक दाणा, चेंडूपासून पावणेअकरा मीटरवर. चंद्र त्या दाण्यापासून पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे माणूस आजवर जितका लांब गेलाय ते अंतर चिमटीत मावतं. गुरू एक काबुली चणा, ५६ मीटरवर. नेपच्यून सव्वातीनशे मीटरवर, तिथपर्यंत निम्मी मुलं चिंचा पाडायला पळालेली असतात. आणि सर्वात जवळचा दुसरा तारा कुठे? साताऱ्यात चेंडू ठेवला तर तो थेट बँकॉकला. हा आकडा ऐकल्यावर परग्रहवासी कधी येणार असं विचारणारी मुलं जरा गप्प होतात, आणि मग जास्त चांगले प्रश्न विचारतात.

पुस्तकात चूक सापडली की आमच्याकडे पेन्सिलीने छोटी चिठ्ठी लिहून त्या पानात ठेवायची मुभा आहे. पानावर मात्र लिहायचं नाही. पुढचं मूल आधी चिठ्ठ्या वाचतं, मग पुस्तक. घरच्या पुस्तकातही हे करून बघा.

दुर्बिणीबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगते. "पाचशे पट मोठं दिसेल" असं खोक्यावर छापलेली प्लॅस्टिकची दुर्बीण घेऊ नका. तिचं स्टँड हलतं आणि चित्र गढूळ येतं. आधी तारकाचकती, मग एखादं चांगलं पुस्तक, आणि पैसे उरले तर १०×५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं असलेली, दोन डोळ्यांची दुर्बीण. कोपर कठड्यावर टेकवून धरली तर तिच्यातून गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, कृत्तिकांमध्ये सहा-सात नव्हे तर डझनावारी तारे दिसतात. शनीची कडी दिसणार नाहीत, तशी आशा मुलाला दाखवू नका. त्यासाठी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला न्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईकडे खगोल मंडळ असे कार्यक्रम घेतात.

वेळापत्रक पावसाप्रमाणे लावा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे आकाश नसतंच, ते गोष्टींचे आणि रॉकेटांचे महिने. पाऊस ओसरला की नकाशे काढायचे. कोजागरीला मुलं चंद्राचा नकाशा घेऊन गच्चीवर धावतात, पण पौर्णिमेला सूर्य चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नसतात आणि विवरं दिसत नाहीत. त्या रात्री मसाला दूध प्या आणि नुसत्या डोळ्यांनी काळे डाग नकाशाशी जुळवा. विवरांचं पान शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळसाठी ठेवा, आणि दुर्बिणीतून उजेड-अंधाराच्या सीमेवरच बघा.