क्रूझचे आगाऊ बुकिंग करताना केबिन कशी शोधावी आणि निवडावी

क्रूझचे बुकिंग लवकर केले की भाडे कमी पडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कधी खरा ठरतो, कधी ठरत नाही, कारण भाडे मागणीप्रमाणे वरखाली होत राहते. लवकर बुकिंग करण्याचा खात्रीचा फायदा वेगळा आहे आणि तो म्हणजे जहाजावर हवी ती जागा मिळणे. क्रूझ कंपन्या बऱ्याच फेऱ्यांची विक्री एक ते दोन वर्षे आधी सुरू करतात आणि त्या सुरुवातीच्या काळात निवडीला जितका वाव असतो, तितका पुढे क्वचितच राहतो. म्हणून आगाऊ बुकिंग करणाऱ्याने केबिनच्या प्रकाराइतकेच, माझ्या मते त्याहून अधिक, तिच्या जागेकडे लक्ष द्यावे.

प्रकार मोजकेच आहेत : बिनखिडकीची आतली केबिन, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट, म्हणजे बसायला वेगळी जागा असलेली मोठी केबिन. मात्र नावावरून सगळे गृहीत धरू नये. १९९९ साली सेवेत आलेल्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ या जहाजावर काही केबिनच्या खिडक्या समुद्राकडे नव्हे, तर जहाजाच्या आतल्या बाजारपेठेवजा रस्त्याकडे उघडतात. २००९ सालच्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’वर तर काही बाल्कन्यांसमोर जहाजाच्या मधोमध केलेली बाग आहे. हे दृश्य वाईट असते असे नाही, पण लाटा पाहत चहा घेण्याचा बेत असेल तर वर्णन शेवटपर्यंत वाचलेले बरे.

शोध सुरू करताना पहिल्याच पायरीवर प्रवाशांची खरी संख्या भरावी. चौघांचे कुटुंब असताना आधी दोघांसाठी पाहू आणि बाकीच्यांची नावे मागाहून घालू, असा विचार अनेक जण करतात आणि तिथेच फसतात. तीन किंवा चार माणसांच्या केबिन मुळातच कमी असतात. त्यांत तिसरा आणि चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा किंवा सोफ्याचा केलेला असतो. शिवाय प्रत्येक केबिन आणीबाणीच्या वेळी जमण्याच्या एका ठरावीक ठिकाणाशी, म्हणजे मस्टर स्टेशनशी जोडलेली असते आणि तिथल्या लाइफबोटींमध्ये किती माणसे मावतात याला मर्यादा असते. त्या भागाची मर्यादा भरत आली की चार पलंगांची केबिन रिकामी असूनही ती चौघांना दिली जात नाही. एकट्या प्रवाशाची अडचण याच्या उलट असते. भाडे साधारणपणे एका केबिनमध्ये दोघे आहेत असे धरून माणशी सांगितलेले असते आणि एकट्याला पुष्कळदा दोघांचे किंवा त्याच्या जवळपासचे भाडे भरावे लागते. २०१० साली आलेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’वर एकट्यांसाठी १२८ छोट्या केबिन ठेवण्यात आल्या आणि नंतर इतर कंपन्यांनीही अशा केबिन काढल्या; पण जहाजाच्या एकूण आकाराच्या मानाने त्या मूठभरच असतात, त्यामुळे त्या हव्या असल्यास वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता मुख्य काम, म्हणजे डेक प्लॅन, अर्थात जहाजाच्या एकेका मजल्याचा (डेकचा) नकाशा वाचणे. संकेतस्थळ एखादी केबिन सुचवते तेव्हा तिचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि एका मजल्याचा नव्हे, तर लागोपाठच्या तीन मजल्यांचे नकाशे उघडावेत : आपला, वरचा आणि खालचा. समजा, केबिन आठव्या डेकवर आहे. क्रमांकाचा पहिला अंक बहुधा डेक सांगतो आणि पुढचे अंक ती पुढच्या टोकापासून किती अंतरावर आहे याचा अंदाज देतात. आठव्या डेकच्या नकाशावर त्या केबिनपाशी बोट ठेवावे, जवळची लिफ्ट किंवा जिना ही खूण धरावी आणि त्याच खुणेवरून नवव्या व सातव्या डेकवरची नेमकी तीच जागा शोधावी. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर शांत झोपेची शक्यता सर्वांत जास्त. वर जलतरण तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या मांडताना त्या फरपटल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. मी एकदा फक्त भाडे पाहून अशी केबिन घेतली आणि आठवडाभर गजराची गरज पडली नाही. खाली नाट्यगृह किंवा नाचण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल जमिनीतून जाणवतो. नकाशावर काहीच न लिहिता कोरी सोडलेली जागा दिसली तर अधिक सावध व्हावे, कारण तिथे कर्मचाऱ्यांची कोठारे, स्वयंपाकघर किंवा ढकलगाड्यांची वाट असू शकते.

त्याच नकाशावर बारीक खुणाही असतात आणि त्यांचा अर्थ कोपऱ्यातल्या सूचीत दिलेला असतो. दोन केबिनमध्ये दार असल्याची खूण महत्त्वाची आहे : मोठ्या कुटुंबाला ते दार सोयीचे, पण पलीकडे अनोळखी माणसे असतील तर भिंतीपेक्षा दारातून आवाज सहज येतो. चाकाच्या खुर्चीची खूण असलेल्या केबिनमध्ये दारे रुंद आणि न्हाणीघर बिनउंबऱ्याचे असते. त्या संख्येने थोड्या असल्याने ज्यांना गरज नाही त्यांनी केवळ मोकळी जागा मिळते म्हणून त्या अडवू नयेत. दृश्य अडलेले असल्याची खूण बहुधा लाइफबोटींच्या रांगेजवळच्या केबिनवर असते. काही ठिकाणी खिडकीसमोर अख्खी बोट येते, तर काही ठिकाणी बोटीचा वरचा भाग तेवढा खाली दिसतो आणि समुद्र पूर्ण मोकळा असतो. त्या विशिष्ट क्रमांकाचे छायाचित्र मिळाले आणि दुसरा प्रकार निघाला, तर कमी भाड्यात चांगला सौदा होतो.

ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर केबिन घ्यावी. लाटांवर जहाजाची दोन्ही टोके वरखाली होतात आणि मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. शिवाय जितके उंच जावे तितके डावी-उजवीकडचे हेलकावे मोठे होतात. अगदी पुढच्या टोकाला, खालच्या डेकवर, बंदरात शिरताना जहाज आडवे सरकवणाऱ्या यंत्रांची थरथर आणि नांगराच्या साखळीचा खडखडाट सोसावा लागतो. मागच्या टोकाला कंपने जाणवू शकतात, पण तिथल्या बाल्कनीतून जहाजामागे उमटणारी पांढरी वाट दिसते आणि त्यासाठी लोक बुकिंग खुले होण्याची वाट पाहून असतात. पुढे तोंड करून उभे राहिल्यावर डावी बाजू म्हणजे पोर्ट आणि उजवी म्हणजे स्टारबोर्ड. जहाज निघाल्या बंदरी परतणार असेल तर बाजूने फारसा फरक पडत नाही. एकाच दिशेचा प्रवास असेल, उदाहरणार्थ नॉर्वेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे, तर किनारा स्टारबोर्ड बाजूला राहतो.

हवी ती केबिन यादीत दिसत नसेल तर ती विकली गेली असेच समजू नये. काही संकेतस्थळे एका वेळी थोड्याच केबिन दाखवतात आणि काही केबिन ट्रॅव्हल एजंटांनी गटांसाठी राखून ठेवलेल्या असतात, ज्या मुदत संपल्यावर परत विक्रीला येतात. क्रमांक सांगून कंपनीला किंवा एजंटाला थेट विचारावे. काही कंपन्या केबिन थोड्या काळासाठी पैसे न भरता धरून ठेवतात. ती सोय असल्यास नकाशे तपासण्यासाठी तिचा उपयोग करावा. कमी भाड्याची ‘गॅरंटी’ केबिन मात्र या सगळ्या खटाटोपाच्या विरुद्ध टोकाची आहे : त्यात प्रकाराची हमी मिळते, क्रमांक कंपनी नंतर ठरवते आणि तो बदलून मागता येईलच असे नाही. ज्यांना कुठेही झोप लागते त्यांनीच ती घ्यावी.

अनामत रक्कम भरण्यापूर्वी ती परत मिळणारी आहे की नाही आणि उरलेले पैसे भरण्याची अंतिम तारीख कोणती, हे लेखी पाहावे. परत मिळणाऱ्या अनामतीवर बुकिंग असेल तर त्या तारखेपर्यंत भाडे अधूनमधून तपासत राहावे, कारण उतरलेले भाडे किंवा सुटलेली अधिक चांगली केबिन तोवर मागता येते. याच सुमारास बरेच लोक बुकिंग रद्द करतात आणि अडलेल्या जागा मोकळ्या होतात. केबिन विचारपूर्वक निवडली असेल तर बुकिंगवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करून घ्यावी, अन्यथा वरच्या श्रेणीच्या नावाखाली कंपनी आपल्याला त्याच तलावाखाली नेऊन ठेवू शकते. फेरीसाठी कंपनीने जहाजच बदलले तर क्रमांक नव्याने दिले जातात; तशी सूचना आली की त्याच दिवशी नव्या जहाजाचे तीन मजले पुन्हा उघडून बसावे.